सिस्टरचं फोनबुक

"इचारलंस का तिला?"

कुणी मोबाइलवर एखाद्या बाईचा फोटो दाखवायला पुढं केला की सिस्टर आधी तळहात आडवा धरायच्या, स्क्रीन झाकायच्या आणि हे विचारायच्या. फोटो लग्नातला असो, बारशातला असो, नाहीतर बक्षीस घेतानाचा. दाखवणारा गोंधळून जायचा. साधा फोटो दाखवायला कुणाला काय विचारायचं? मग त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "फोटो तिचा हाय ना? मग आधी तिला इचार, मग मला दाखव." एवढं करून कोण विचारायला जातंय! माणूस फोन खिशात घालायचा आणि चहा मागवायचा.

मी जिंतूरच्या बसस्टँडसमोर मोबाइलचं दुकान चालवतो. रिचार्ज, दुरुस्ती, झेरॉक्स, आणि ज्यांना फोन वापरता येत नाही त्यांना तो वापरून देणं हा माझा धंदा. या शेवटच्या कामाचं कुणी काही देत नाही, पण माणसं कळतात ती त्यातूनच. सिस्टर मला अशाच कळल्या. सगळी नोकरी त्यांनी तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढली होती. निवृत्त झाल्या तरी बसचा कंडक्टरसुद्धा त्यांना "सिस्टर, या पुढं" म्हणायचा. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहायला घेतलं की तो तळहात आडवा आल्यासारखा वाटतो.

विचारण्याची ही खोड नोकरीतली असावी. लस टोचताना त्या तीन महिन्यांच्या पोरालाही विचारायच्या, "टोचू का रे राजा?" राजा आधीच बोंबलत असायचा. त्याच्या आईला हसू यायचं. सिस्टर मात्र क्षणभर थांबायच्या, जणू तो खरंच काही सांगणार आहे, आणि मगच सुई घालायच्या. माझ्या दोन्ही पोरांना त्यांनीच टोचलंय. थोरल्यानं त्यांचा चष्मा ओढून फोडला होता, तरी दुसऱ्या खेपेला त्याला तितक्याच अदबीनं विचारलं.

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. नवरा गेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची लग्नं जुळवायची. जातीपातीच्या वधूवर मंडळांत अशा बाईचा कागद कायम सगळ्यात खाली असतो, हे तुम्हीही बघितलं असेल. सिस्टरकडं फक्त असेच कागद होते. एकदा मी सहज विचारलं, हे कुठून सुचलं? झेरॉक्सचे कागद सारखे करत त्या म्हणाल्या, "मी चोवीस वर्षांची होते, मालक गेले तवा. दुसरं करतीस का म्हणून मला एका माणसानं इचारलं न्हाई. मी न्हाईच म्हणले असते कदाचित. पण इचारायचं तरी." मग झेरॉक्सचे पैसे टेबलावर ठेवून त्या गेल्या. मी उगाच विचारलं असं वाटत राहिलं.

या बायका त्यांच्याकडं चोरून यायच्या. सासरी कळलं तर घराबाहेर काढतील ही भीती. कुणी पोराला डोस द्यायला दवाखान्यात निघाले असं घरी सांगून, कुणी बाजाराच्या पिशवीत कागद लपवून. म्हणून सिस्टरचं सगळं काम धीरानं चालायचं. आधी माणूस बघायचा, मग बाईला विचारायचं, मग सासरच्यांतलं एखादं मऊ माणूस हेरून त्याच्याशी बोलायचं. शेवटी उघड बोलणी. सोयाबीन घरात आलं की, म्हणजे माणसं जरा सैल असताना.

आता माझा शहाणपणा ऐका. कामाचा पसारा वाढला तसे सिस्टरना नको ते फोन यायला लागले. कर्ज देतो, कार्ड देतो, लॉटरी लागली. त्या प्रत्येक फोन उचलायच्या, एखादी बाई असेल म्हणून. मी म्हणालो, "सिस्टर, फोन कुणाचा आहे ते आधीच सांगणारं एक अ‍ॅप आहे. फुकट आहे." आणि त्यांच्या फोनमध्ये ते टाकून दिलं. टाकताना त्यानं चार-पाच प्रश्न विचारले. मी न वाचता भराभर 'होय' दाबत गेलो. दिवसाला पन्नास फोनवर मी असंच दाबतो.

हे अ‍ॅप नावं आणतं कुठून, हे मला ठाऊक होतं. ज्याच्या फोनमध्ये ते असतं त्याचं फोनबुक ते घेऊन जातं. त्यानं तुमचा नंबर ज्या नावानं ठेवलाय, ते नाव मग दुसऱ्यांच्या स्क्रीनवर दिसतं. आमच्या इथल्या एका हेडमास्तरांचा फोन आला की अख्ख्या तालुक्याला 'कंजूष सर' असं दिसायचं. आम्ही पोट धरून हसायचो. मला त्यात हसण्यापलीकडं काही दिसलं नव्हतं.

सिस्टरच्या फोनबुकात एकाच नावाच्या सात-सात बायका होत्या. ओळख पटावी म्हणून त्या नावाऐवजी खूण लिहायच्या. दवाखान्यात केसपेपरवर लिहितात तसं.

झरीकडच्या एका खेड्यातली एक मुलगी होती. तिला आपण लता म्हणू. नवरा काविळीनं गेलेला, पदरात पाच वर्षांची पोरगी. पाथरीचा एक बिजवर सिस्टरनी तिच्यासाठी बघून ठेवला होता. पोरीसकट न्यायला तयार होता. सासऱ्याशी बोलायचं तेवढं राहिलं होतं. एक दिवस लताच्या दिरानं नवा फोन घेतला, जुने नंबर त्यात अजून भरले नव्हते. त्यात तेच अ‍ॅप होतं. लतानं शेतातून त्याला फोन लावला, मोटार बंद पडलीय म्हणून. त्याच्या स्क्रीनवर नाव आलं, 'झरी विधवा दुसरं लग्न १ मुलगी'.

दिरानं ते सगळ्या घराला दाखवलं, मग भावकीला. संध्याकाळच्या आत लताला माहेरी घालवलं. पोरगी ठेवून घेतली. "आमचं रक्त हाय, तू जा कुठं जायचं तिथं."

दुसऱ्या दिवशी लता जिंतूरला सिस्टरच्या दारात आली. ती काय बोलली ते शेजाऱ्यांनी ऐकलं आणि मग सगळ्या गल्लीनं. "तुमी माझं नाव काय लिवलं होतं? मी तुमाला आईसारखं समजायले अन् तुमी माझं नाव काय लिवलं?" सिस्टरनी तिला आत ये म्हटलं. ती आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेलो तर सिस्टर पायरीवर बसलेल्या. नेहमीचा 'जय भीम' नाही, काही नाही. फोन मांडीवर पालथा घातलेला.

"माझ्या फोनातलं नाव त्याच्या फोनात गेलं कसं?"

मी शटर वर केलं नाही. तिथंच बसून सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे माझं फोनबुक त्यांनी नेलं?"

"सगळ्यांचंच नेतात, सिस्टर. फुकट असतं ना ते."

"मला न इचारता?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. कंपनीच चोर आहे म्हणालो असतो तर त्यांनी विश्वास ठेवला असता. पण त्यांच्या तोंडावर ते जमेना. "विचारलं होतं," मी म्हणालो. "स्क्रीनवर विचारलं होतं. मीच 'होय' दाबलं."

समोर परभणीची गाडी लागली, भरली, गेली. मग म्हणाल्या, "तू दाबलंस खरं. पण तसं नाव मी लिहिलं. विधवा म्हणून. तिला नाव न्हाई का? अन् तिला तर आपण दोघांनीबी इचारलं न्हाई."

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

मग त्यांनी फरमान काढलं, फुकटाचं सगळं काढ. मी म्हणालो, "सिस्टर, फोनमधलं फुकटाचं काढलं तर बॅटरी तेवढी उरेल." त्या हसल्या नाहीत. मेल फुकट, फोटो ठेवायची जागा फुकट, नकाशा फुकट, गप्पा फुकट. "दवाखान्यात औषध फुकट होतं," त्या म्हणाल्या, "पण सरकार पैसे द्यायचं. ह्याचे पैसे कोण द्यायलंय?" कोण देतंय ते लताच्या घरी दिसलंच होतं.

फुकटाऐवजी काय वापरायचं, हे मला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवस मी रिकाम्या वेळात तेच वाचत बसलो. शेवटी दूरदेशची एक कंपनी सापडली. वर्षाची वर्गणी घ्यायची, आणि तुमची मेल, तुमच्या फाइली अशा कुलपात ठेवायची की खुद्द तिलाही उघडता येत नाहीत. सिस्टरनी विचारलं, "पासवर्ड इसरला तर?" म्हटलं, गेलं सगळं, त्यांच्याकडंही किल्ली नसते. "मग चांगलंय." त्या दिवसापासून त्या तिला 'पेटी' म्हणायला लागल्या.

वर्गणी भरायला आम्ही बँकेत गेलो. तिथला साहेब घाबरला. कुणीतरी म्हातारीला फसवतंय अशी त्याला खात्री, आणि संशय अर्थातच माझ्यावर. "आजी, मेल फुकट मिळते हो."

"म्हणून तर," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी फोनबुक पुसलं. एकूण एक नाव. आणि नंबर पाठ केले. बसस्टँडवर गाडीची वाट बघत उभ्या असल्या की ओठ हलत असायचे, लोकांना वाटायचं वंदना म्हणतायत. चाळीसच्या वर नंबर या बाईनं त्या वयात तोंडपाठ केले. एक दिवस मला म्हणाल्या, "तुझा तेवढा नावानं ठिवू का?" मी म्हणालो, ठेवा की. "इचारलेलं बरं," असं म्हणून त्यांनी माझं नाव एकेक अक्षर शोधत लिहिलं. त्या फोनमध्ये मग माझं एकट्याचं नाव होतं.

अ‍ॅपवाल्या कंपनीला मी अर्ज केला, या नंबरचं ते नाव काढा म्हणून. काढलंही त्यांनी. पण तोवर लतानं नंबरच बदलला होता.

या सगळ्यात सिस्टरचं काम मोडलं. मोबाइलवर मुलाकडच्यांचा त्यांचा दोन-अडीचशे जणांचा ग्रुप होता, तो त्यांनी बंद केला. आता फोटो हवा असेल तर पेटीतून लिंक यायची, तिला पासवर्ड, आणि तो पासवर्ड सिस्टर फोनवर तोंडी सांगणार. खेड्यातल्या पाहुण्यांना ते उघडायचंच नाही. "सिस्टर, साधा फोटो टाका की, एवढं काय सोनं हाय त्यात!" माणसं दुसऱ्या ग्रुपांवर गेली. सिस्टरचं डोकं फिरलंय अशी बोलवा झाली. मग त्या स्वतः एसटीनं, जीपनं जायच्या, पाहुण्यांच्या घरी बसून फोटो दाखवायच्या आणि फोन परत पिशवीत घालून यायच्या. वर्षाला चार-पाच लग्नं लावणारी बाई, तिच्या हातून पुढच्या दोन वर्षांत एकच लग्न झालं. पाथरीचा तो बिजवरही दुसरीकडं उजवला.

मी एकदा म्हणालो, "सिस्टर, जग काही बदलत नाही तुमच्या एकटीनं."

"जगाचं कोण बोलायलंय?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडच्या बायांचं बोलायले मी."

पण त्यांचा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. लताची पोरगी लताकडं जायला हवी. बाकी सगळं, पेटी, पासवर्ड, पाठांतर, हे पुन्हा कुणाचं तसं होऊ नये म्हणून होतं. झालेलं मात्र निस्तरायचं राहिलं होतं. झरीचा बाजार असला की त्या सकाळच्या गाडीनं निघायच्या. बाजारातून पुढं लताच्या सासरच्या गावी, तिथं दारासमोरच्या दगडावर जाऊन बसायच्या. दीर घरात निघून जायचा. सासरा शेळ्यांना पाला टाकत राहायचा. सिस्टर म्हणायच्या, "पोरीला आईकडं धाडता का?" तो पुढच्या शेळीकडं वळायचा. तासाभरानं त्या उठायच्या.

संध्याकाळी दुकानावरून जाताना मी विचारायचो, "काय म्हणाले?"

"काही न्हाई म्हणले."

"मग कशाला जाता?"

"इचारायला."

लताचा नवा नंबर मिळावा म्हणून त्या तिच्या माहेरीही गेल्या. आईनं सांगितलं, ती पाथरीकडं एका वसतिगृहात स्वयंपाकाला आहे, नंबर कुणालाच द्यायचा नाही म्हणालीय. सिस्टर म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं." नंबर मागायला गेलेली बाई, आणि मिळाला नाही याचं तिला बरं वाटलं. पण परत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं. "लेकरा," मला म्हणाल्या, "तिनं एकदा शिव्या द्यायला तरी फोन करावा." मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन उघडून बसलो होतो, मान वर केली नाही.

या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात पाणी झालं. परभणीच्या दवाखान्यात ठेवलं. भाची करायला होती. ती दुपारी घरी जाऊन डबा आणायची, तेवढा वेळ मी बसायचो. दुकान बंद ठेवून जायचो, बायकोही काही म्हणाली नाही. सिस्टर तिथल्या नर्सांना सांगत, "सुई टोचताना पेशंटला इचारत जा गं." झरीचे तीन बाजार हुकले याची त्यांना रुखरुख होती. एक दिवस मला जवळ बोलावून पेटीचा पासवर्ड सांगितला. "मी गेल्यावर सगळं पुसून टाक. पेटीबी, फोनबी. त्या बायांना इचारायला मी नसंल. मग ठिवायचं कशाला?" आणि फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, "तवर वाजला की उचल. नंबर कोणताबी असू दे."

एका शुक्रवारी दोन दिवसांच्या कळांनंतर त्यांचा डोळा लागला होता. तोंड जरा उघडं, कपाळ सैल. किती दिवसांनी ते कपाळ सैल बघितलं. आणि फोन वाजला. नाव नाही, नुसता नंबर. सकाळपासून कर्जवाल्यांचे तीन येऊन गेले होते. मी कट केला. मिनिटभरात पुन्हा तोच. पुन्हा कट केला आणि आवाज बंद केला.

पण त्या जाग्या झाल्याच. "कुणाचा होता?"

"कर्जवाल्यांचा," मी म्हणालो.

"बरं," असं म्हणून त्यांनी कूस वळवली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं येतील असं वाटलं नव्हतं. पण खेड्याखेड्यांतून बायका आल्या. पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या, कडेवर पोरं. एकमेकींना ओळखत नव्हत्या, कारण सिस्टरनी एकीचं दुसरीला कधी सांगितलंच नव्हतं. वंदना झाली, खीर वाढायला घेतली, तेव्हा एक बाई सात-आठ वर्षांच्या पोरीचा हात धरून दारात उभी राहिली. मी लताला त्याआधी एकदाच बघितलं होतं, तरी ओळखलं.

तिनं फोटोपुढं पोरीला वाकायला लावलं, स्वतः वाकली, आणि येऊन माझ्यासमोर बसली. सिस्टरचा फोनवाला म्हणून तिला कुणीतरी मला दाखवलं होतं.

"सासरे सोताच घिऊन आले हिला," ती म्हणाली. "म्हणले, ती नर्सबाई तीन बाजार झाले आली न्हाई, मेली का काय? दारातला दगड रिकामा बघवंना म्हणले. अन् हिचे कपडे घिऊन आले, माझ्याकडं सोडून गेले." पोरगी खिरीतला काजू बोटानं काढत होती. "मी त्याच दिवशी सिस्टरला फोन लावला. सांगावं म्हणलं, आली म्हणून. शुक्रवारी दुपारी. दोनदा लावला, दोनदाबी कट केला त्यांनी. लय राग हाय माझ्यावर अजून, असं वाटलं मला. मग न्हाई लावला."

माझ्या हातात खिरीची वाटी होती, ती खाली ठेवली.

"त्यांनी नाही केला, ताई," मी म्हणालो. "मी केला. त्या झोपल्या होत्या."

तिनं पोरीला जवळ ओढलं. "मग त्याईला कळलंच न्हाई?"

"नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. मी माफी मागितली नाही. मागून काय करणार होतो? ज्यांनी माफ केलं असतं त्या भिंतीवर फोटोत होत्या.

पेटी मी त्याच आठवड्यात रिकामी केली. फोटो, कागद, मेल, सगळं. ती आता कुणालाच उघडता यायची नाही आणि उघडली तरी आत काही नाही. फोन मात्र दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे. रोज चार्ज करतो. कॉलच्या यादीत अजून शुक्रवारची ती दुपार आहे, एकाखाली एक दोनदा तोच नंबर, पुढं नाव नाही. सिस्टरनी सगळं पुसायला सांगितलं होतं. तेवढं माझ्यानं पुसवत नाही.